पाचव्या गाण्यातली आत्या

आत्या रागावणार असली की आधी तोंडातल्या टाचण्या काढते. एकेक टाचणी मनगटावरच्या उशीत खोचत जाते, आणि तेवढ्या अवधीत समोरच्याने शहाणपणाने दार गाठावं अशी तिची अपेक्षा असते. इतक्या वर्षांत बहुतेकांनी गाठलेलं आहे.

ती शिवणकाम करते, तेही फक्त बायकांचं. पुरुषांच्या कपड्यांत तिच्या मते शिवण्यासारखं काही नसतं. वर दोन नळ्या, खाली दोन नळ्या आणि मधे पोट. रस्त्याकडची पुढची खोली हे तिचं दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीशी कापायचं टेबल, कोपऱ्यात पडदा आणि पडद्यामागे आरसा. आरसा अशा बेताने मागे कलता ठेवला आहे की त्यात माणूस उंच आणि बारीक दिसतो. गिऱ्हाइकं म्हणतात, आत्याकडे कपडा अंगावर बसतो. आत्या मान डोलावते. आरशाचं काही बोलत नाही.

आणि आत्या जे बोलत नाही त्यावरच तिचं दुकान उभं आहे. आजवर एकाही बाईने "घट्ट होतोय" असं म्हणून तिच्याकडे कपडा आणलेला नाही. चेन खराब झालेली असते. कापड आटलेलं असतं. इस्त्रीवाल्याने वाट लावलेली असते. आत्या तो कपडा हातात घेते, चेन वरखाली करते आणि चेनला मनापासून शिव्या घालते. "हल्ली चेना येतात त्या चेना नाहीतच हो. तुम्ही आहात तशाच आहात." मग बाई निघून गेली की शिवण उसवते, आत दाबून ठेवलेल्या कापडातून अर्धा इंच सोडते, पुन्हा टीप मारते आणि कपडा परत देताना सांगते, "चेनला मेण लावलंय." बाई घालून बघते. चेन लोण्यासारखी वर जाते. दोघीही चेनच्या चारित्र्यावर आणखी दोन शब्द बोलतात. बस्स, एवढाच व्यवहार. यात कुणाचं काही बिघडलं असेल तर दाखवा.

आता मागची खोली. तिथे आत्याची भाची राहते, भावाची मुलगी. नोकरीसाठी आली आणि राहिली. घरात तिला सगळे हळूबाई म्हणतात, कारण ती जन्मली तेव्हासुद्धा म्हणे विचारपूर्वक आणि हळू रडली होती. दातांच्या दवाखान्यात फोन उचलण्याचं काम करते. तिचा आवाज इतका बारीक की दात दुखतो म्हणून फोन करणाऱ्याला आपले कानही गेले असं वाटतं. आणि ही मुलगी गाते.

म्हणजे, ती त्याला गाणं म्हणते. लॅपटॉपवर आधी काहीतरी हुंकारतं, फ्रीज बिघडण्याच्या बेतात असतो तसं. मग कपाटाचं दार लावल्याचा धप्प आवाज येतो, आणि तो धप्प आवाजच पुढे गाणं संपेपर्यंत ठेका धरतो. मधूनच बादलीत थेंब पडल्यासारखं टुब्ब होतं. या सगळ्यावर हळूबाई ओठ माइकला चिकटवून कुजबुजते. श्वास घेते तोही ऐकू येतो, ओठ उघडतात तेही ऐकू येतात. आत्याने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "बाळा, तू गातेस की कुणाची चहाडी करतेस?"

"हे असंच असतं आत्या. ऐकणाऱ्याच्या अगदी जवळ जाऊन."

"इतक्या जवळ जायचं तर निदान दात घासून जावं."

पण चेष्टा वेगळी आणि माया वेगळी. दोन खोल्यांच्या मधली भिंत प्लायवूडची, आणि मशीन सुरू झालं की पलीकडे गाणं म्हणणं अशक्य. म्हणून आत्याने आपणहून तह केला. हळूबाई कामावरून आली की आत्या मशीन बंद करायची आणि हातकाम काढायची. हूक लाव, काजं कर, खालची पट्टी दुमडून तुरपून टाक. पलीकडे पोर गातेय, अलीकडे आपण गुपचूप बसू. मशीनवर झपाट्याने व्हायची ती कामंसुद्धा आत्याने कित्येक महिने हाताने केली. बोटांची चाळण झाली. सगळं त्या कुजबुजीसाठी.

फक्त एक गोष्ट आत्याला ठाऊक नव्हती. तिचा समज असा होता की हातशिलाई करताना ती मनातल्या मनात बोलते. तिचं मन बरंच मोठ्याने बोलत होतं.

अल्बम झाला. दहा गाणी. नाव "कुजबुज". दुकानात मिळायची वस्तू नव्हे, फोनवर ऐकायची. हळूबाईने आत्याच्या कानांवर हेडफोन चढवले, आत्याने पहिलं गाणं डोळे मिटून ऐकलं, दुसऱ्याच्या मध्यावर डोळे मिटलेलेच राहिले, आणि जाग आल्यावर ती म्हणाली, "छान झालंय. आवाज जरा वाढव." त्या दिवशी जागी राहिली असती तर पुढचं टळलं असतं, असं काही मी म्हणणार नाही. झोप लागेल असं गाणं करायचं आणि झोपल्याबद्दल ऐकणारीला दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

एका दुपारी बँकवाली आली. ही आत्याची जुनी गिऱ्हाईक. बँकेत काचेमागे बसते आणि त्यामुळे तिचा वरचा अर्धा भाग जगाला माहीत आहे. खालच्या अर्ध्याची जबाबदारी आत्याकडे असते. तिचा जांभळा कोट त्या वेळी दुकानातच टांगलेला होता. चेन खराब झाली होती.

"कोट झाला नाही हो अजून," आत्या टाचण्यांमधून म्हणाली.

"कोटासाठी नाही आले. ऐकवायला आलेय काहीतरी." बँकवालीने फोन काढला. "माझी लेक दिवसभर हेच लावून बसते. म्हटलं, बघू तरी आहे काय. चार गाणी झाली, कळलं काही नाही, पण डुलकी छान लागली. पाचव्याला उठून बसले."

तिने फोन आत्याच्या कानाशी धरला. फ्रीज हुंकारला. कपाट धपधपलं. हळूबाई कुजबुजायला लागली, काहीतरी तू जवळ ये पण एवढ्या जवळ नको अशा अर्थाचं. आणि तिच्या कुजबुजीखालून दुसरा आवाज आला. जाडसर, जरा बसलेला, कामात असलेल्या बाईचा.

"अर्धा इंच सोडते. सांगायचं नाही."

हळूबाईची ओळ. मग पुन्हा तो आवाज. "अर्धा इंच सोडते. सांगायचं नाही." मग तोच आवाज विहिरीतून आल्यासारखा, मग दूरच्या जिन्यातून, मग अगदी कानाच्या पाळीवर बसून. गाणं संपत आलं तसं एकेक वाद्य बाजूला झालं, हळूबाईसुद्धा गप्प झाली, आणि तो बसलेला आवाज एकटाच आपल्या नादात बोलत राहिला.

"अर्धा इंच सोडते. सांगायचं नाही. बँकवाली बिचारी बसून बसून पसरलीय, पण मनाने अजून सडपातळ आहे. मनाला कोण टेप लावतंय."

कात्रीचा कच्च आवाज. गाणं संपलं.

आत्याने टाचण्या काढल्या नाहीत. तशाच दातांत धरून ती म्हणाली, "हा माझा आवाज आहे."

"तो ओळखला मी. मी विचारायला आलेय, ही बँकवाली कोण?"

आत्याने शिवत असलेल्या कपड्याकडे पाहिलं. कपड्याने मदत केली नाही.

"माझ्या चेनला मागच्या खेपेला काय झालं होतं, आत्या?"

"खराब होती."

"आत्या."

"थोडी खराब होती."

बँकवालीने फोन पर्समध्ये टाकला, पर्सची चेन नीट लावली, ती अजिबात अडकली नाही, आणि कोट न मागता निघून गेली.

आत्या तशीच बसून राहिली. चोर घरात शिरला तर निदान काय गेलं ते सांगता येतं. भांडी गेली, घड्याळ गेलं. इथे चोरी झाली होती आणि मालही जागेवरच होता. आवाज घशात होता तसाच होता. पण मनात असलेली गोष्ट, टाचण्यांच्या आड, स्वतःशी पुटपुटलेली, ती आता कुणाकुणाच्या लेकी जेवताना ऐकत होत्या. विहिरीतून आणि जिन्यातून. गिऱ्हाइकाचं माप दुसऱ्या गिऱ्हाइकाला कळू न देणं हे शिवणाऱ्याचं इमान. ती मापं कागदावरसुद्धा लिहीत नव्हती, डोक्यात ठेवायची. आणि डोक्यालाच कुणी माइक लावला होता.

हळूबाई घरी आली तेव्हा आत्याच्या तोंडात एकही टाचणी नव्हती. सगळ्या उशीत होत्या, ओळीने.

"बस."

"काय झालं?"

"पाचवं."

आणि हळूबाईचा चेहरा उजळला. हे सगळ्यात वाईट झालं. "ऐकलंस? पाचव्यापर्यंत जागी राहिलीस? कसं वाटलं?"

"मला विचारलं होतंस?"

उजळलेला चेहरा हळूहळू, तिच्या स्वभावाप्रमाणे, मावळला. "लोकांना तेच सगळ्यात जास्त आवडतंय, आत्या. कुणी लिहितं, हा आवाज कुणाचा, रडू आलं. कुणी लिहितं, प्रेमात इतकंच करायचं असतं, अर्धा इंच सोडायचा आणि सांगायचं नाही."

"मी कापडाबद्दल बोलत होते."

"माहीत आहे मला."

"मग त्यांना कळव. कापडाबद्दल होतं म्हणावं. डोळे पुसा."

"विचारलं असतं तर तू बोलली असतीस?"

"नसते बोलले."

"म्हणूनच नाही विचारलं. विचारलं असतं तर बातम्या दिल्यासारखी बोलली असतीस, घसा साफ करून."

"हे चोराचं उत्तर झालं. दार वाजवलं असतं तर मालकाने उघडलं नसतं, म्हणून खिडकीतून आलो." आत्याचा आवाज चढला, आणि प्लायवूडची भिंत थरथरली असं हळूबाई नंतर सांगायची. "मी तुझ्यासाठी मशीन बंद ठेवलं. बोटं बघ ही. म्हटलं, पोर काहीतरी करतेय, गप बसू. मी गप बसले त्याच वेळी तू मला पकडलंस. मशीन चालू असतं तर काय सापडणार होतं तुला? खटखट? मी दिलेल्या शांततेतून तू माझ्याच खिशात हात घातलास."

हळूबाईने आत्याच्या बोटांकडे पाहिलं. मग तिच्या त्या दवाखान्याच्या आवाजात म्हणाली, "इथे राहायला आले तेव्हा मला झोप यायची नाही. तू भिंतीपलीकडे पुटपुटायचीस तेव्हा यायची. मला वाटलं, ते माझंही आहे."

असलं काही ऐकलं की माणसाचा राग निम्मा होतो. आत्याचा झाला. पण निम्मा राग हाही चांगला मोठा राग असतो.

"तुला ऐकू येतं म्हणून ते तुझं होत नाही," ती म्हणाली. "काढून टाक."

हळूबाईने काढलं. रडली नाही, वाद घातला नाही. मागच्या खोलीत गेली आणि पाचव्या गाण्यातून आत्याला उसवून काढलं. मग हेडफोन घेऊन आली आणि "ऐकून खात्री कर" म्हणाली. या वेळी आत्या जागी राहिली. सुरुवातीपासून ऐकलं, सगळं. आपल्या कपाटाचं दार तिने ओळखलं, ते नेहमीपेक्षा मोठं आणि जरा दुःखी वाटत होतं. नळाचा थेंब ओळखला. पोरीचा श्वास इतका जवळ होता की आत्याने नकळत मान थोडी बाजूला केली, जागा द्यावी तशी. आणि पाचवं आलं. जिथे तो आवाज होता तिथे आता काही नव्हतं. जिना उतरताना शेवटची पायरी असेल असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं. गाणं लंगडं झालं होतं. हे कळायला संगीत यावं लागत नव्हतं. हातात धरून बघितल्यासारखं आत्याला कळलं की खांद्यातच कापड कमी पडतंय.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि हेडफोन परत दिले.

पण सुटलेला शब्द आणि उसवलेली लोकर, गोळा करून पहिल्यासारखी होत नाही. गाणं आधीच फिरून आलेलं होतं. पुढचे काही दिवस गिऱ्हाइकं येत राहिली, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता. मुख्याध्यापिका बाई दारातूनच म्हणाल्या, "माझा तो हिरवा झगा. खरं सांगा." सरकारी दवाखान्यातली नर्स म्हणाली, "मी रोज लोकांची वजनं करते आत्या, मला फसवलंत?" आत्याने प्रत्येकीपुढे मान खाली घातली. आणि प्रत्येकीने जाताना तेच विचारलं, जरा रागाने, जरा रुसून: म्हणजे बाकीच्यांनासुद्धा अर्धा इंच सोडत होतात का?

याचा अर्थ आत्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरला तो बँकवाली दुसऱ्यांदा आली तेव्हा.

"मला काय माहीत नव्हतं होय?" बँकवाली खुर्चीत बसत म्हणाली. "बाईला स्वतःची कंबर माहीत नाही असं कधी झालंय? चेनला मेण लावलंय म्हणे. मेणाने कोट रुंद झालेला मी अजून बघायचाय."

"मग त्या दिवशी तरातरा गेलात त्या?"

"मला वाटायचं, माझ्यासाठीच करता. आता कळतंय की गावभर वाटलंय."

इतकी वर्षं ती चेहऱ्यावर काही न दाखवता खोटं बोलत होती, कधीकधी झोपताना तिला त्याचं ओझंही वाटायचं, आणि या सगळ्या जणी तिच्यासमोर बसून ते खोटं गोड मानून घेत होत्या. चेनला शिव्या घालण्यात तिने जो जीव ओतला होता, त्याचं काय?

"आणि दुसरं," बँकवाली जरा पुढे सरकली. "ते गाण्यातून काढलंत म्हणे. लेक म्हणाली. अहो, मी बँकेत सगळ्यांना सांगून बसलेय, ती बँकवाली मीच. काल ऐकवायला गेले तर नुसतं हूं हूं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. परत घाला ना ते."

मागच्या खोलीचं दार किलकिलं झालं. हळूबाईचं नाक दिसलं. "ताई स्वतःच म्हणतायत, आत्या. ज्यांची गोष्ट त्यांचीच हरकत नाही."

इथे आत्याने टाचण्या काढायला सुरुवात केली. पळून जायला दोघींनाही पुरेसा वेळ होता, पण एक खुर्चीत होती आणि दुसरी घरातलीच होती.

"ज्यांची गोष्ट," आत्या म्हणाली. "ही गोष्ट यांची एकट्यांची नाही. माझी एकटीची नाही. तुम्हाला माहीत होतं, ठीक आहे. तुम्हाला माहीत आहे हे मलाही आत कुठेतरी माहीत असणारच, मी काही दुधखुळी नाही. तरी मी चेनला नावं ठेवली आणि तुम्ही कापडाला ठेवलीत. दोघींनी मिळून ते सांभाळलं. सगळ्यांना माहीत असणं वेगळं आणि कुणी ते बोलून दाखवणं वेगळं. बोलून दाखवलं की मागे उरते ती फक्त कंबर. आणि ती तुम्ही आता बँकेत वाजवणार, चहा पिता पिता, माझ्या आवाजात."

"अहो, कौतुकच आहे ते. मनाने सडपातळ म्हणालात."

"ते मी तुमच्याविषयी म्हणाले, तुम्हाला नाही म्हणाले."

हळूबाई दारात उभी होती.

"गाणं लंगडं झालंय," आत्या तिच्याकडे वळून म्हणाली. "कळतं मला. मला वाईट वाटतंय, आणि तरीही नाही म्हणते. लंगडू दे. पुढच्या वेळी काही हवं असेल तर समोर येऊन मागायचं. मी 'नाही' म्हणाले तर ते 'नाही' घेऊन जायचं आणि त्याचं गाणं करायचं."

"नाहीचं गाणं?"

"का, तुमच्या गाण्यांत 'नाही'शिवाय दुसरं असतं काय?"

हळूबाई हसू आवरत होती असं आत्याला वाटलं, पण खात्री नव्हती, कारण ती हसायचीही हळूच. "बरं," ती म्हणाली. "चुकलं माझं." एवढंच. पण या वेळी भिंतीपलीकडे असतं तरी ऐकू आलं असतं इतकं स्पष्ट.

"मग माझ्या कोटाचं?" बँकवालीने विचारलं.

"पडद्यामागे व्हा."

बँकवाली कोट घालून उभी राहिली आणि आत्याने टेप काढली. आणि आत्या गप्प होती. टेप कमरेभोवती फिरली, खांद्यावर गेली, पाठीवर आली, आणि आत्याच्या तोंडून अक्षर निघेना. ओठ हलायला जायचे आणि तिथेच थांबायचे. एकदा तिची नजर प्लायवूडकडे गेली. एवढी वर्षं जे आपसूक व्हायचं त्याला आता पहारा बसला होता. शिवणाऱ्या बाईचं पुटपुटणं म्हणजे काय, हे असं हिरावून घेतल्याशिवाय कुणाला कळणार आहे?

"आत्या, असं मुकाट्याने मोजू नका हो," बँकवाली अखेर म्हणाली. "तपासायला आल्यासारखं वाटतंय. काहीतरी बोला."

"काय बोलू? भिंतीला कान आहेत, आणि कानांना वायर आहे."

मागच्या खोलीत खुर्ची सरकली. हळूबाई बाहेर आली. तिने आपल्या मागे खोलीचं दार ओढून घेतलं आणि कडी घातली. खिशातला फोन काढला, बंद केला, कापायच्या टेबलावर सगळ्यांना दिसेल असा पालथा ठेवला. मग छोटं स्टूल पडद्यापाशी ओढून त्यावर बसली आणि हात पुढे केला. "कोट द्या. मी उसवते."

आत्याने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग बँकवालीच्या अंगातून कोट उतरवून तिच्या मांडीवर टाकला. "शिवणच उसव. कापडाला ब्लेड लागलं तर याद राख."

"हो."

टाके एकेक तुटायला लागले, टक, टक, अगदी बारीक आवाजात. आत्याने टेप पुन्हा बँकवालीच्या कमरेभोवती घेतली, खाली वाकली, आणि तिच्या त्या बसलेल्या, कामात गुंतलेल्या आवाजात, कुणाशी नाही असं, बोलायला लागली. आधी दोनच शब्द. मग चांगली लांबलचक वाक्यं. मध्येच बँकवाली "अगं बाई" म्हणून इतकी हसली की माप पुन्हा घ्यावं लागलं. स्टुलावरचे टाके क्षणभर तुटायचे थांबले आणि मग पुन्हा सुरू झाले.

ती काय बोलली ते त्या तिघींनी ऐकलं. चौथ्या कुणी ऐकायचं काही कारण नव्हतं, आणि इथे लिहून ठेवायचं तर त्याहून नाही.